झोपेचा रकाना: एका ऑफ-सीझनचं प्रकरण

प्रकरण तसं साधं. कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला एकोणीस वर्षांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा, एस.वाय.बी.कॉम., डाव्या नडगीच्या हाडाला अतिताणाची इजा, अकरा आठवडे मैदानाबाहेर. नाशिकच्या कुठल्याही फिजिओकडे उन्हाळ्यात अशी चार-पाच पोरं सापडतील. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं कारण पोरगा आळशी नव्हता, बेशिस्त नव्हता, आणि त्याला इजा झाली तेव्हा मी, त्याचा प्रशिक्षक, त्याचं उदाहरण बाकीच्या अकरा जणांना देत होतो.

त्याचं नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. जर्सीवरून त्याला सगळे सात नंबर म्हणतात, तेच इथे वापरतो.

सात नंबर निफाड तालुक्यातला. वडिलांची द्राक्षबाग. पंचवटीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, जेवण मेसचं. उंची फार नाही, पण चेंडू हाताला चिकटल्यासारखा. त्या वर्षी आमचा संघ विभागात उपांत्य फेरीत हरला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार विभाग. आपल्या विभागाच्या संघात निवड झाली तर आंतरविभागीय स्पर्धा खेळायला मिळते आणि तिथून विद्यापीठाच्या संघाचा दरवाजा उघडतो. सात नंबर निवड चाचणीत शेवटच्या दोघांत राहिला आणि गळाला. परतीच्या बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मला कोणी काढू शकणार नाही."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

कॉलेजच्या खेळात ऑफ-सीझन म्हणजे हिवाळ्यातल्या स्पर्धा संपल्यापासून जुलैपर्यंतचा काळ. मध्ये परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, आणि ऊन. गंमत अशी की बास्केटबॉलचा जन्मच ऑफ-सीझनमध्ये झाला. डिसेंबर १८९१, मॅसेच्युसेट्समधलं स्प्रिंगफिल्ड. बाहेर थंडी, फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा लांब, आणि व्यायामशाळेत त्याच त्या कवायतींना कंटाळलेली पोरं. जेम्स नेस्मिथने दोन बाजूंना पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. दोन हंगामांच्या मधला वेळ बरा जावा म्हणून निघालेला हा खेळ. आता त्यालाच ऑफ-सीझन लागतो, आणि तो आपण हंगामापेक्षा कडक करून ठेवलाय.

आमच्या मैदानाला लागून सामानाची खोली आहे. तिच्या भिंतीवर कुणीतरी फार वर्षांपूर्वी निळ्या ऑइलपेंटने "आराम हराम है" रंगवलंय. मी रुजू झालो तेव्हाही होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळचा सराव पावणेसहाला सुरू केला. सात नंबर पाचलाच हजर. एप्रिलमध्ये त्याच्या खेळात मला एक बदल दिसला. उजव्या हाताचा लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारून टाकायचा शॉट, करताना उडी डाव्या पायावरून घ्यायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवावं लागत नाही. हा मात्र रिंगजवळ येऊन दोन्ही पायांवर थांबायचा आणि मग दोन्ही पायांनी उडायचा. मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणालो, "बघा, जम्प स्टॉप असा घ्यायचा. डिफेंडर पुढे निघून जातो." त्याच्याकडून ते तीनदा करूनही घेतलं.

डाव्या पायावर उडी घेता येत नव्हती म्हणून तो थांबत होता. हे कळायला मला महिना लागला.

आधी कळलं ते मैदानावरच्या मामांना. मामा पहाटे पावणेपाचला फाटक उघडतात, रात्री दहाला लावतात. १८ एप्रिलला मी आत शिरत होतो तेव्हा ते झाडू थांबवून म्हणाले, "सर, तुमचा सात नंबर पायऱ्या एकेक करून उतरतो. म्हाताऱ्यावानी. तुम्ही आलात की बरोबर चालतो."

मी त्याला बाजूला घेतलं. "काही नाही सर, शिन पेन आहे, सगळ्यांनाच असतं." अंगठ्याने नडगी दाबत खाली आलो. आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट पडलं आणि त्याने श्वास रोखला. साध्या नडगीदुखीत बराच लांब पट्टा दुखतो. एकाच नाण्याएवढ्या जागी हाड दुखलं तर कान टवकारायचे. एवढं मला शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला.

आणि इथे आम्ही सगळ्यांनी मिळून चूक केली. "रिपोर्ट नॉर्मल," असं म्हणून पोरगा हसत आला, मी सुटकेचा श्वास टाकला, दोन दिवस बर्फ लावून तो पुन्हा धावायला लागला. अतिताणाने हाडाला झालेली इजा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणजे स्वच्छ एक्स-रेचा अर्थ "काही नाही" असा नसतो, "अजून दिसत नाही" असाही असतो. १ मेला सुसाईड मारताना, म्हणजे रेषेपासून रेषेपर्यंतच्या त्या धावण्यात, तो मध्येच खाली बसला. ३ मेला एमआरआय झाला. हाडाच्या आतल्या मगजात सूज, अजून चीर नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या, आणखी पंधरा दिवस असाच पळाला असता तर चीर पडली असती.

त्यानंतर मॅडमनी मला विचारलं, "आठवड्याला किती तास खेळतो?"

मी ठामपणे सांगितलं, "नऊ तास. रोज दीड, सहा दिवस."

त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न त्याला विचारला. तो बोटांवर मोजायला लागला. एका हाताची बोटं संपली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशेब असा निघाला. सकाळी माझ्याकडे सहा दिवस, प्रत्येकी नव्वद मिनिटं. संध्याकाळी एका क्लबमध्ये चार दिवस, पंच्याहत्तर मिनिटं. कॉलेज रोडला जिम, पाच दिवस, एक तास. रात्री मैदानावर एकट्याने पाचशे शॉट, पाच दिवस, साधारण एक तास. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढणं-उतरणं, एक तास. एकूण पंधराशे मिनिटं, म्हणजे पंचवीस तास.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने १९९१ पासून मर्यादा घातली आहे: हंगामात आठवड्याला वीस तास, दिवसाला चार, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर आठ तास. ज्यांचे सामने टीव्हीवर दाखवतात आणि ज्यांच्या दिमतीला डॉक्टर, आचारी आणि लाकडी कोर्ट असतं, त्यांच्यासाठी ऑफ-सीझनला आठ. आमचा पोरगा मेसची पोळी-भाजी खाऊन सिमेंटच्या कोर्टवर पंचवीस. अर्थात त्यांच्या नियमालाही एक भोक आहे. खेळाडूने स्वेच्छेने केलेला सराव तिकडेही हिशेबात धरत नाहीत. आमच्या पोराचे सोळा तास स्वेच्छेचेच होते.

नुसत्या मिनिटांनी पूर्ण चित्र येत नाही. पाचशे शॉट आणि पांडवलेणीच्या पायऱ्या सारख्या नाहीत. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर या व्यायामशास्त्रज्ञाने रूढ केलेली एक सोपी पद्धत आहे: सत्र संपल्यावर खेळाडूला विचारायचं, शून्य ते दहा, किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. यंत्र लागत नाही, वही लागते. सात नंबरने माझ्या सरावाला सहा गुण दिले, क्लबला सात, जिमला सहा, रात्रीच्या शॉटना चार, पायऱ्यांना आठ. बेरीज ८,८२०. ऐन हंगामात, पाच सराव आणि एक सामना धरून, हीच बेरीज ३,०५० येत होती.

जवळपास तिप्पट, आणि तीही हंगाम संपल्यावर. त्या ८,८२० पैकी माझ्या डोळ्यांसमोर झालेले ३,२४०. क्लबच्या सरांना त्यांचे २,१०० माहीत, जिमच्या ट्रेनरला त्याचे १,८००. प्रत्येकाचा वाटा आपापल्या जागी ठीकच होता. बेरीज करणारं कोणी नव्हतं. पोरगा करत होता, पण त्याला ती जितकी मोठी तितकी चांगली वाटत होती.

आणि झोप? रात्रीचे शॉट संपवून, खोलीवर जाऊन, आंघोळ करून अंथरुणावर पडायला पावणेबारा. उठणं पावणेपाचला. पाच तास.

हाडाचा हिशेब इथे समजून घेतला पाहिजे, कारण "शरीराला सवय होते" हे वाक्य मी स्वतः हजारदा वापरलंय. सवय होते, पण कशी? ताण आला की हाडाचा जुना भाग आधी पोखरला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला तीनेक महिने. म्हणजे नवा व्यायाम जोरात सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कमजोर असतं. पोराला तेव्हाच वाटतं की आता अंग बसलं, आता वाढवू. स्नायू आणि दम खरंच सुधारलेले असतात, म्हणून फसगत होते. मार्चला सुरुवात, एप्रिलच्या मध्यावर दुखणं. सात नंबरचं हाड अगदी वेळापत्रकाप्रमाणे वागलं.

गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, ज्याचं दुखणं उड्या मारणाऱ्या खेळाडूंना हमखास होतं, त्याचंही असंच आहे. जड व्यायामानंतर पहिला दीडेक दिवस त्यात जमा होतं त्यापेक्षा खर्च जास्त; त्यानंतर जमेची बाजू वर येते. रोज दोनदा उड्या मारल्या तर ती वर यायला फुरसतच नाही.

मे महिन्यात वडील आले. बाग खाली झाली होती, तरी पिशवीत घरचे बेदाणे. मी त्यांना बेरीज दाखवली. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, माल काढला की आम्ही लगेच कात्री लावत नाय. पंधरा-वीस दिवस बागेला विसावा देतो, मगच खरड छाटणी. नाय दिला तर पुढच्या मालाची बोंब." थोडं थांबून पुढे म्हणाले, "आन् मी याला दोन रविवार छाटणीला बोलावला व्हता. बस पकडून यायचा. बोलला नाय कधी."

ती छाटणी माझ्या बेरजेत नव्हती. अजूनही नाही. दिवसभर हात वर करून उभं राहण्याला दहापैकी किती द्यायचे, ते तोच सांगू शकला असता.

उपचार लिहायला सोपे होते. सहा आठवडे धावणं-उडी बंद. महापालिकेच्या तलावात छातीभर पाण्यात धावणं, सायकल, मांडी आणि पोटरीची ताकद. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची औषधं. मेसमध्ये सकाळचा नाश्ता मिळत नव्हता, म्हणून दोन अंडी, शेंगदाणे आणि दूध खोलीवर. त्याचे बूट मी पहिल्यांदा उलटे करून पाहिले: टाचेखालचा रबर इतका झिजलेला की आतला पांढरा फोम दिसत होता. खेळायला म्हणून प्लास्टिकची खुर्ची. रिंगपासून दोन मीटरवर खुर्ची ठेवायची, बसून शंभर शॉट. पाय नाहीत म्हटल्यावर सगळं कोपर आणि मनगटावर येतं. त्याचं कोपर बाहेर जातं हे मी दोन वर्षं ओरडून सांगत होतो. खुर्चीने तीन आठवड्यांत सुधारलं.

कठीण गेली ती झोप.

मी एक वही केली. तारीख, सराव, किती जड, आणि शेवटचा रकाना: झोप. पहिल्या दोन आठवड्यांत त्याने रोज "८ तास" लिहिलं. एवढी नियमित झोप फक्त तान्ह्या बाळाची किंवा खोटं बोलणाऱ्याची असते. मामांना विचारलं. "रात्री साडेनवापर्यंत असतो की. खुर्ची घेऊन. शंभर कुठले, तीनशे मारतो."

मी चिडलो. तो म्हणाला, "सर, बसून तर मारतो. आणि नुसतं पडून राहिलं की मला वाटतं, दुसरा कोणीतरी आत्ता पळतोय."

हे ऐकल्यावर चिडून काही उपयोग नव्हता. सकाळी पाचला मैदानावर आलेला पोरगा सगळ्यांना दिसतो. मी त्याचं कौतुक करतो, मित्र स्टेटस ठेवतात. दुपारी दोन तास झोपलेला पोरगा कोणाला दिसतो? दिसला तरी घरातलं कोणीतरी म्हणणारच, "लोळतोय बघ." त्याच्या मोबाइलवर कोबी ब्रायंटच्या पहाटे चारच्या सरावाच्या रीली होत्या, त्या खऱ्याच आहेत. लेब्रॉन जेम्स आपल्या लांबलचक झोपेबद्दल मुलाखतींतून मोकळेपणाने बोलतो, तेही खरं आहे. पण झोपलेल्या माणसाची रील कोण बघणार? आमच्या कष्टाला साक्षीदार असतात, विश्रांतीला नसतात, आणि ज्याला साक्षीदार नाही ते या वयाच्या पोराला वाया गेल्यासारखं वाटतं.

मी त्याला स्टॅनफर्डचा अभ्यास सांगितला. २०११ साली तिथल्या कॉलेज संघाच्या अकरा बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात घालवायला लावले. ठरावीक अंतराच्या धावेची त्यांची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली, तीन गुणांच्या शॉटची ९.२ टक्क्यांनी. अकराच जण, तुलनेला दुसरा गट नाही. हा आकडा दगडावरची रेघ म्हणून मी कोणाला सांगत नाही. सात नंबरने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना सकाळी लेक्चर नसतात का?"

त्याला पटलं ते मामांचं. मामा तरुणपणी तालमीत होते. एका दुपारी त्याला चेंडू पंप करताना बघून ते म्हणाले, "आमचे वस्ताद जोर कमी मारले तर शिव्या द्यायचे. दुपारी झोपलो नाय तर काठी घेऊन यायचे. खुराक, मालीश, झोप, हे तालमीचं काम होतं रे. सुट्टी नव्हती ती." आखाड्यात झोपेवर नजर ठेवणारा माणूस होता. माझ्या मैदानावर नव्हता.

मग वहीत पहिली ओळ मी माझी लिहिली: "सर, झोप साडेपाच तास." सगळ्या संघासमोर. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून रकाने खरे यायला लागले. म्हणजे वाईट यायला लागले. सरासरी सहाच्या आसपास. मी पावणेसहाचा सराव साडेसहावर नेला. उन्हामुळे त्याहून उशीर करता येत नव्हता, म्हणून सराव दीड तासाचा सव्वा तास केला. रविवार पूर्ण बंद. क्लबच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." त्यांच्या वेळी मीही त्यांच्याकडेच खेळायचो, आणि माझा डावा गुडघा जिना चढताना आजही वाजतो, पण ते फोनवर बोललो नाही. शेवटी कॉलेजचा सराव असेल त्या दिवशी क्लबमध्ये फक्त शूटिंग, एवढं त्यांनी मान्य केलं.

१४ जूनला दाबून दुखणं थांबलं, एका पायावर दहा उड्या वेदनेशिवाय झाल्या, अर्धा तास चालणं झालं. तेव्हा एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल इथून सुरुवात. पाऊस पडला की बाहेरच्या कोर्टवर सराव रद्द. त्या वर्षी मला पावसाचा राग आला नाही. १९ जुलैला तो पूर्ण सरावात आला. पहिला लेअप डाव्या पायावरून. मी मुद्दाम काही बोललो नाही.

आता निकाल. पुढच्या निवड चाचणीत सात नंबर विभागाच्या संघात राखीव म्हणून गेला, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचला नाही. आमचा संघ पुन्हा उपांत्य फेरीतच हरला. दोन पोरं "इथे सराव कमी होतो" म्हणून पूर्णवेळ क्लबकडे गेली, एका आईने प्राचार्यांकडे तक्रार केली की रविवारी मुलगा घरी झोपून असतो. त्यानंतरच्या ऑफ-सीझनला नडगीची तक्रार एक आली, आदल्या वर्षी पाच होत्या. दहा-बारा पोरांवरून काही सिद्ध होत नाही, हे स्टॅनफर्डबद्दल म्हणालो तेच स्वतःबद्दलही म्हणतो.

भिंतीवरचं वाक्य तसंच आहे. रंगाला पैसे मागितले तर आधी रिंगची जाळी बदला म्हणाले, आणि जाळी खरंच फाटली आहे.

वही चालू आहे. मागच्या सोमवारी चाळत होतो. सात नंबरच्या रविवारच्या रकान्यात होतं: "रात्री ९ तास. दुपारी १. मामांना विचारा."